पाला वाळला म्हणजे काढणीला आलं : खिडकीतल्या अकिमेनीसची वर्षभराची शेती

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतली एक कुंडी उचलून केराच्या बादलीपाशी आणून ठेवली. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत त्या कुंडीने आमची ग्रिल जांभळी करून टाकली होती. आता पानं पिवळी पडून सुकली होती, काड्या लोंबत होत्या. मी पाणी वाढवून पाहिलं, खत घालून पाहिलं, जागा बदलून पाहिली, काहीच लागू पडलं नाही. सासूबाई त्या वेळी आमच्याकडे होत्या. त्या वाईकडच्या, माहेरी हळदीची शेती. त्यांनी कुंडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरलं, कुंडी उलटी करून ठोकली, मुळांचा गोळा दोन्ही अंगठ्यांनी फोडला आणि म्हणाल्या, "अगं, पाला वाळला म्हणजे काढणीला आलं. फेकतेस कशाला?"

वर्तमानपत्रावर गुलाबीसर, खवल्याखवल्यांचे तुकडे घरंगळले. काही करंगळीच्या पेराएवढे, काही तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे. मे महिन्यात मी 5 लावले होते, मोजले तर 43 भरले.

ते झाड अकिमेनीस. इंग्रजीत त्याला मॅजिक फ्लॉवरही म्हणतात. सासूबाईंनी ते आधी कधीच पाहिलेलं नव्हतं. तरी त्यांच्या एका वाक्यात या झाडाचं सगळं वर्ष आलं, कारण हळद आणि अकिमेनीस वेगवेगळ्या कुळातली असली तरी दोघांचा जगण्याचा हिशोब एकच आहे. तो हिशोब कळला की खिडकीत हे झाड लावणं अवघड राहत नाही. कळला नाही, तर माझ्यासारखंच जिवंत झाड केरात जायची वेळ येते.

मातीखाली काय असतं तिथून सुरुवात करू. आपण जमिनीतून निघालेल्या कुठल्याही जाड गोष्टीला सरसकट कंद म्हणतो, पण झाडाच्या दृष्टीने त्यात बराच फरक आहे. गाजर आणि रताळं ही खरीच मुळं, फुगलेली. आलं मात्र मूळ नाही, ते जमिनीत आडवं वाढणारं खोड आहे. आल्याचा तुकडा हातात घेऊन नीट पाहा. त्यावर ठरावीक अंतराने गोल वळी दिसतात, वळीला चिकटलेला कागदासारखा पातळ पापुद्रा दिसतो आणि मध्येच एखादा टोकदार डोळा. वळी म्हणजे खोडाचं पेर, पापुद्रा म्हणजे कधीच हिरवं न झालेलं पान आणि डोळा म्हणजे कोंब. पेर, पान आणि कोंब जिथे एकत्र दिसतात ते खोड, मग ते जमिनीवर असो की खाली. शास्त्रीय मराठीत अशा आडव्या भूमिगत खोडाला मूलक्षोड म्हणतात. हळद, आलं, कर्दळ, सोनटक्का, भुईचाफा ही सगळी त्याच जातकुळीची. कांद्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात खोड म्हणजे तळाशी असलेली चपटी चकती, आणि साठा सगळा तिच्यावरच्या जाड पानांत.

अकिमेनीसने या दोन्ही तऱ्हा एकत्र केल्या आहेत. आडवं वाढणारं खोड आल्यासारखंच, पण ते दोऱ्याइतकं बारीक. अन्नाचा साठा खोडात न होता त्याच्याभोवती दाटीने बसलेल्या छोट्या छोट्या जाड पानांत, म्हणजे कांद्याच्या रीतीने. म्हणून तो तुकडा खवल्यांचा दिसतो. औषधाच्या दुकानात मिळणारी पिंपळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो ओळखायला वेळ लागणार नाही, फक्त रंग पांढरट-गुलाबी आणि स्पर्श ठिसूळ. हा ठिसूळपणा मला फार विलक्षण वाटतो. जरा दाबलं की खवले सुटतात, आणि सुटलेल्या प्रत्येक खवल्याच्या बेचक्यात एक निजलेला कोंब असतो. मूळ ठिकाणी ही झाडं ओल्या कातळांवर, ओढ्यांच्या काठच्या मातीच्या उतारांवर, जंगलाच्या सावलीत वाढतात. दरड घसरली, पाण्याने माती वाहून नेली, तरी मोडलेला खवला जिथे अडकेल तिथे नवं झाड उभं राहू शकतं.

मूळ ठिकाण म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिका. एक जात जमैकातही सापडते. या प्रजातीत 25 च्या आसपास जाती आहेत आणि त्यांचं कुळ गेस्नेरिएसी. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचे निसर्गअभ्यासक कोनराड गेस्नर (1516–1565) यांच्यावरून ते नाव पडलं. नर्सरीत मिळणारी आफ्रिकन व्हायोलेट आणि ग्लॉक्सिनिया याच घरातली. आपल्याकडेही या कुळाची मंडळी आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओल्या कातळांवर एका बाजूला झुकलेल्या देठावर निळ्या फुलांची रांग लावणारं ऱ्हिंकोग्लॉसम त्यातलंच. घाटात पावसाळी भटकंती करणाऱ्या पुष्कळांनी नाव माहीत नसताना ते पाहिलेलं असतं.

मेक्सिकोच्या डोंगराळ भागात पाऊस साधारण मे-जूनमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपतो. पुढचे सहा महिने कोरडे. ओळखीचं वाटतं ना? झाडाने पावसाचे महिने अंगावर घ्यायचे, घाईने वाढायचं, फुलायचं, पानांनी केलेलं अन्न खाली पाठवून खवल्यांत पिठाच्या रूपाने भरायचं आणि पाऊस संपला की वरचा पसारा सोडून द्यायचा. वर काहीच ठेवायचं नाही, म्हणजे सुकायलाही काही उरत नाही. हळदही हेच करते. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला बेणं जमिनीत जातं, जानेवारी-फेब्रुवारीत पाला वाळतो, मग गड्डे निघतात. युरोपातल्या लोकांना अकिमेनीससाठी गरम काचघर करावं लागलं. आपल्याला त्याचं वेळापत्रक आयतं मिळालेलं आहे, खिडकीबाहेर.

आता लावणीकडे. पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यात मेचा पहिला पंधरवडा मला योग्य वाटतो. विदर्भात 43-44 अंशांच्या उन्हात कोवळा कोंब होरपळतो, तिथे मृगाची वाट पाहावी. कोकणात आणि मुंबईत थंडी अशी फारशी नसल्यामुळे गड्डे मार्चमध्येच कोंब काढायला लागतात. कोंब दिसला की लावून टाकायचं, अडवून धरण्यात अर्थ नाही, कारण डब्यात वाढलेला कोंब लांबट आणि पांढराफटक होतो.

कुंडी पसरट हवी. या झाडाची मुळं वरच्या 3-4 इंचांतच राहतात. खोल कुंडी घेतली तर खालची माती नुसती ओली बसते आणि कुजकेपणा वर चढतो. सहा इंची पसरट कुंडीत 5-6 गड्डे पुरेत. मिश्रण हलकं असावं. मी 2 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग पर्लाइट (ज्वालामुखी खडकाचे फुलवलेले पांढरे, हलके कण), 1 भाग चाळलेलं पालापाचोळ्याचं खत आणि ओंजळभर गांडूळखत घेते. लाल माती घालत नाही, ती पावसाळ्यात बसते आणि घट्ट होते. कोकोपीटची वीट भिजवल्यावर पहिलं पाणी पिळून टाकायचं, पुन्हा भिजवायचं, पुन्हा पिळायचं. नारळाच्या काथ्यात खारटपणा असतो आणि या झाडाच्या केसासारख्या मुळांना तो सोसत नाही. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पानांच्या कडा का करपल्या ते कळत नाही.

गड्डा आडवा ठेवायचा. वरची बाजू कोणती, याची चिंता करू नका. डोळे चहूबाजूंनी असतात आणि कोंबाला वर कुठे आहे ते कळतं. वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढं मिश्रण पसरा, पाणी शिंपडा आणि कुंडी उबदार जागी ठेवा. कोंब येईपर्यंत उजेडाची गरज नसते, ऊब मात्र लागते, 21 अंशांच्या वर. आपल्याकडे मेमध्ये तो प्रश्नच नाही. दोन-तीन आठवड्यांत मातीतून लवदार, जांभळट कोंब दिसतात.

इथून पुढचे चार-पाच महिने एकच नियम कडक पाळायचा : माती पूर्ण वाळू द्यायची नाही. गुलाब एकदा सुकला तर पाणी दिल्यावर सावरतो. अकिमेनीसची गोष्ट वेगळी आहे. कोरडी माती म्हणजे त्याच्या लेखी पाऊस संपला. तो निरोप एकदा खाली पोहोचला की झाड आवराआवर सुरू करतं, आणि नंतर बादलीभर पाणी ओतलं तरी त्या वर्षी परत फिरत नाही. दुसऱ्याच वर्षी आम्ही आठ दिवसांसाठी गावी गेलो आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायची राहिली. जुलै महिना होता, खिडकी आतून बंद, बाहेर पाऊस कोसळतोय आणि कुंडी काचेच्या आत कोरडी. कळ्या लागलेलं झाड परत आल्यावर मला ऑगस्टमध्येच झोपलेलं दिसलं. आता बाहेर जायचं असलं की कुंडीत सुती वात घालते. तिचं एक टोक मातीत, दुसरं पाण्याच्या डब्यात. निरांजनाला जशी वात तेल ओढते तशी ती पाणी ओढते. दहा दिवस आरामात निघतात.

पाणी कसलं द्यायचं, यामागे एक जुनी गंमतशीर समजूत आहे. इंग्लंडमध्ये या झाडाचं एक नाव हॉट वॉटर प्लांट, आणि त्याला गरम पाणी घालावं असं तिथे पूर्वी मानलं जायचं. गरम पाण्याची काही गरज नाही, पण त्या समजुतीत एक खरी गोष्ट दडलेली आहे. या कुळातल्या लवदार पानांवर थंड पाणी पडलं की पिवळे-तपकिरी डाग आणि वर्तुळं उमटतात. पान एकदम गार झालं की त्याच्या वरच्या थरातल्या पेशींच्या आत असलेल्या आंबटसर रसाच्या पिशव्या फुटतात, तो रस हिरव्या कणांवर सांडतो आणि ते मरतात. डाग पुन्हा हिरवा होत नाही. आफ्रिकन व्हायोलेटच्या पानांवर हा प्रकार नीट अभ्यासला गेला आहे. म्हणून पाणी भांड्यात भरून तासभर घरात ठेवायचं आणि मगच घालायचं. उन्हाळ्यात उलटं होतं. दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं, तेही थेट नको. आणि पानांवर ओतण्यापेक्षा बशीत पाणी ठेवून कुंडीला खालून पिऊ द्यावं, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकावं.

उजेडाबद्दल पुस्तकी शब्द वापरण्यापेक्षा हात वापरा. दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीची कड स्पष्ट, धारदार असेल तर ऊन जास्त आहे. सावली अजिबात दिसत नसेल तर फुलं येणार नाहीत. कड पुसट पण पाचही बोटं मोजता येतील अशी सावली पडली तर जागा उत्तम. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली, सकाळचं दोन तासांचं ऊन झाडाला आवडतं. पश्चिमेला पातळ पडदा हवा. दक्षिण आणि उत्तर खिडक्यांच्या बाबतीत मात्र परदेशी पुस्तकांतला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे नेमक्या वाढीच्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही आणि उत्तरेच्या खिडकीला थोडा उजेड जास्त मिळतो. उत्तरेची खिडकी आहे म्हणून कोणी हा नाद सोडू नये.

झाड चार बोटं उंच झालं, पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा नखाने खुडायचा. जीव होत नाही, पण खुडा. शेंड्यात बनणारं एक संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते सगळे डोळे एकदम सुटतात आणि एका काडीच्या तीन-चार फांद्या होतात. प्रत्येक फांदीला पानांच्या बेचक्यात फुलं, म्हणजे खुडलेल्या एका शेंड्याची भरपाई किती पटीने होते ते जुलैत दिसतं. मग फांद्या आपोआप कुंडीच्या काठावरून खाली झुकतात. ग्रिलमध्ये टांगलेली कुंडी म्हणून तर सुंदर दिसते. खत फार नको. 19:19:19 हे (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) पाण्यात विरघळणारं खत पाकिटावर दिलेल्या मात्रेच्या पाव हिश्शाने, दर दहा दिवसांनी, तेही फक्त ओल्या मातीत. पहिली फुलं लावणीनंतर दहा-बारा आठवड्यांनी येतात. एक फूल चार-पाच दिवस टिकतं, पण मागून कळ्या येतच राहतात.

एक फूल जवळून पाहण्यासारखं आहे. समोरून पाच पाकळ्यांचा सपाट चेहरा दिसतो, पण ते फूल कडेने धरलं की पाकळ्यांमागे लांब, बारीक नळी दिसते. अकिमेनीस लाँगिफ्लोरा या जातीच्या नावातला 'लाँग' तो याच नळीमुळे. मध नळीच्या तळाशी, म्हणजे लांब सोंडेच्या फुलपाखरालाच तो पोचतो. याच प्रजातीतल्या लाल-केशरी, रुंद नळीच्या जाती मेक्सिकोत चिमुकले हमिंगबर्ड पक्षी हाताळतात. पाहुणा बदलला तसा फुलाचा घाट बदलला. घरी लावायला 'पर्पल किंग' हा जुना, दणकट संकर सगळ्यांत सोपा. बेल्जियममधल्या गेंटचे प्रसिद्ध नर्सरीवाले आंब्रुआझ फेर्शाफेल्ट यांच्या नावाचा एक वाण आहे, पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळ्या शिरांची जाळी असलेला. माझा जीव त्याच्यावर आहे.

रोगराईचं थोडक्यात सांगते. मावा कोवळ्या शेंड्यावर येतो, पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात, आणि बंद खिडकीत हवा कोरडी झाली तर लाल कोळी. ढेकूण दिसला की स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून टिपून घ्या. निंबोळी तेल फवारण्याआधी एका पानावर लावून दोन दिवस थांबा, लवदार पानांवर ते कधी कधी डाग पाडतं. खोड बुडापाशी मऊ, काळं पडलं तर तो जास्त पाण्याचा परिणाम. ओलसर माती आणि चिखल यांत फरक आहे, तो बोटाला कळतो.

सप्टेंबरअखेर फुलं विरळ होतात. दिवस लहान होऊ लागतात, ऑक्टोबर हीटनंतर रात्री गार होतात आणि झाड खाली साठा भरायला घेतं. हा काळ वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या वर्षीचे गड्डे याच चार-सहा आठवड्यांत पोसले जातात. फुलं संपली म्हणून लगेच पाणी तोडू नका. हिरवी पानं आहेत तोवर पाणी चालू ठेवा, खत थांबवा. पानं पिवळी पडू लागली की पाण्याचं अंतर वाढवत न्या आणि वाळली की बंद करा. कधी कधी या दिवसांत पानांच्या बेचक्यातसुद्धा चिमुकले खवलेदार गड्डे लागतात. ते पडू द्यायचे नाहीत, तेही बेणंच.

मग काढणी. आमच्याकडे हा आता घरचा कार्यक्रम झाला आहे : वर्तमानपत्र, उलटी कुंडी, चाळण. सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या की हळदीत मधला मोठा तो जेठा गड्डा, त्याच्या अंगाला फुटतात ते बगल गड्डे, आणि बेण्याला जेठाच उत्तम, कारण साठा जास्त तितका कोंब जोमदार. अकिमेनीसलाही ते लागू पडतं. पेराएवढे निवडून वेगळे ठेवते, बारीक चुरा एका कुंडीत पसरून देते. त्याला फुलं उशिरा येतात, पण येतात. गड्डे धुवायचे नाहीत. दोन दिवस सावलीत सुकवून कोरड्या कोकोपीटमध्ये मिसळायचे, कागदी पाकिटात भरायचे, पाकिटावर वाणाचं नाव आणि तारीख लिहून कपाटाच्या खालच्या खणात ठेवायचं. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून ते कुजतात. फ्रिजमध्ये अजिबात नाही, 10 अंशांच्या खालची थंडी त्यांना मारते. निफाडकडे डिसेंबरात पारा फार खाली जातो, तिथल्यांनी पाकीट घरात मधल्या खोलीत ठेवावं. ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी वाळलेल्या काड्या कापून कुंडी तशीच कोरडी पलंगाखाली सरकवून दिली तरी चालते.

बेणं मिळवायचं कसं, हे विचारणाऱ्यांना एक विनंती. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असलेल्या भाच्या-पुतण्यांना "येताना सामानातून दोन गड्डे आण" असं सांगू नका. भारतात झाडं, बी, गड्डे आणण्यासाठी 2003 च्या वनस्पती संसर्गरोध आदेशानुसार परवाना आणि निरोगीपणाचा दाखला लागतो. तुकड्याला चिकटून येणारी कीड किंवा बुरशी आपल्या शेतात शिरली तर ती परत पाठवता येत नाही. आणि तशी गरजही नाही. बागप्रेमींच्या अदलाबदलीत हे झाड फिरत असतं, कारण 5 चे 43 झाल्यावर माणूस वाटण्यावाचून करणार काय?

माझ्या त्या 43 पैकी 12 सासूबाई वाईला घेऊन गेल्या होत्या, सुपारीच्या जुन्या डब्यात, राखेत घालून. राखेचं मला पटलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "डबा उघडला गं. सात जणांनी नाकं वर काढलीत. पाऊस यायचाय अजून, लावू का थांबू?" मी म्हटलं, लावा.